मामांची आर्क लॅम्प हाऊस आणि पुण्याचा झेनॉन

सप्रेम नमस्कार. माझे मामा इंदूरच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. टॉकीज बंद झाली तेव्हा थकलेल्या पगारापोटी त्यांना केबिनमधली कार्बन आर्कची दोन लॅम्प हाऊस (कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये वीज पेटवून प्रोजेक्टरला उजेड देणाऱ्या पेट्या) आणि एक रेक्टिफायर (घरच्या एसी विजेची एकाच दिशेने वाहणारी डीसी करणारी पेटी) मिळाला. मामा गेले, आता सगळं सामान माझ्या गच्चीवरच्या खोलीत आहे. पाटीवर ‘पीअरलेस मॅग्नार्क, शिकागो’ असं आहे. एका आरशाला कडेला टवका गेलाय. पुण्याचे एक संग्राहक दोन्हींच्या बदल्यात १६०० वॉटचं झेनॉन लॅम्प हाऊस द्यायला तयार आहेत. म्हणतात, दिवा फक्त दोनशे तास चाललाय, आत बसवलेलाच ट्रान्सपोर्टने पाठवतो. बडोद्याच्या एकांना नुसते आरसे हवेत. शिवाय मामांचा १६ एमएमचा अमेरिकन प्रोजेक्टर आहे, ११० व्होल्टचा. त्याचा ७५० वॉटचा दिवा उडालाय. जेल रोडवरचा दुकानदार गाडीचा हेडलाइट बसवून देतो म्हणाला. गणपतीत कॉलनीतल्या पोरांना पडद्यावर काहीतरी दाखवायची इच्छा आहे. बायको म्हणते, घरात बॉम्ब आणू नका. काय करू?
— एक भाचा, सुदामा नगर, इंदूर

*

वहिनींचं म्हणणं आधी घेतो, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात अचूक तेच आहे.

झेनॉनचा दिवा म्हणजे क्वार्ट्झच्या फुग्यात दाबून भरलेला वायू. दिवा थंड असला, कपाटात नुसता पडून असला, तरी आतला दाब बाहेरच्या हवेच्या आठ-दहा पट असतो आणि पेटल्यावर तो जवळजवळ तिप्पट होतो. म्हणून चालू केबिनमध्येसुद्धा तो बदलताना माणूस तोंडावर पूर्ण झाकण, हातात जाड मोजे आणि अंगात जाड जाकीट घालतो, आणि दिवा निवल्याशिवाय दार उघडत नाही. नवा दिवा कडक प्लॅस्टिकच्या कवचात येतो. जागेवर बसवून घट्ट केल्यावरच ते कवच काढायचं, आणि उतरवताना आधी कवच चढवायचं. पुण्याचे गृहस्थ तोच दिवा लॅम्प हाऊसमध्ये बसवलेल्या स्थितीत ट्रकने पाठवणार आहेत. पुण्याहून इंदूरपर्यंतचे खड्डे आणि गोदामातले हमाल लक्षात घेता, हे वाक्य लिहिणाऱ्या माणसाने आयुष्यात झेनॉन हाताळलेला नाही, असं मी समजतो. नाहीतर हाताळलाय, पण तुमच्या डोळ्यांची त्याला फिकीर नाही.

आता ते दोनशे तास. तास मोजणारं मीटर दिव्यावर नसतं, ते लॅम्प हाऊसवर असतं, आणि दिवा बदलला की ते शून्यावर आणतात. ते कोणी, कधी शून्यावर आणलं हे मीटर सांगत नाही. या ताकदीच्या दिव्याची कंपनीची हमी साधारण दोन हजार तासांच्या आसपास असते. त्याच्या फार पुढे चालवलेला दिवा फुटण्याची भीती वाढत जाते. खरं वय दिव्याच्या अंगावर दिसतं. क्वार्ट्झ आतून काळवंडलाय का, बारीक टोकाचा इलेक्ट्रोड बोथट झालाय का, समोरच्या जाड इलेक्ट्रोडला खड्डा पडलाय का, हे बघावं लागतं. एक साधी कसोटी सांगतो. दिव्याचा जवळून, कवचातला फोटो मागा. ‘काढता येत नाही’ असं उत्तर आलं तर सौदा तिथेच संपला.

समजा, दिवा खरोखर चांगला निघाला. तरी तो तुम्ही पेटवणार कशावर? १६०० वॉटच्या झेनॉनला साधारण २५ व्होल्टवर ६० अँपिअरच्या वर डीसी लागतो, आणि तोही गुळगुळीत. तुमचा आर्कचा रेक्टिफायर त्याला लावू नका. आर्कला प्रवाहातली लहर चालते, झेनॉनचं आयुष्य तीच खाते. शिवाय पेटवायला हजारो व्होल्टचा झटका देणारा इग्नायटर हवा, गरम हवा बाहेर फेकणारा पंखा हवा. तारा उलट जोडल्या तर काही क्षणांत दिवा कामातून जातो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, तुमच्या पत्रात ३५ एमएमच्या मशीनचा, म्हणजे फिल्म फिरवणाऱ्या प्रोजेक्टरचा, उल्लेखच नाही. नुसतं लॅम्प हाऊस म्हणजे भिंतीवर पडणारा प्रचंड उजेड. त्यातून सिनेमा दिसत नाही.

तेव्हा झेनॉन नको. रिकामं लॅम्प हाऊस, दिवा काढून, शोभेला म्हणून देतो म्हणाले तरीही नको. कारण २०१० नंतरच्या चार-पाच वर्षांत देशभरच्या टॉकीज डिजिटलवर गेल्या आणि झेनॉनची लॅम्प हाऊस ढिगाने बाहेर पडली. त्यांच्या मानाने धड अवस्थेतली मॅग्नार्कची जोडी दुर्मिळ आहे. पुण्याच्या गृहस्थांना हे चांगलं ठाऊक असणार.

हा धंदा म्हणा, छंद म्हणा, त्यात नव्या माणसाची गल्लत कुठे होते, तर तो ‘लॅम्प’ विकत घेतो किंवा विकतो. प्रत्यक्षात लॅम्प ही एक वस्तू नसते. उजेडाचा उगम, मागचा आरसा, वीज पुरवणारी पेटी आणि धूर-उष्णता बाहेर नेणारी वाट, या चार गोष्टी एकमेकांच्या मापाने बनवलेल्या असतात. त्यातली एक बदलली की बाकीच्या तिघी रुसतात. सौदा करताना मी पहिल्यांदा हेच बघतो: समोरचा देतोय त्यात या चारपैकी किती आहेत, आणि मी देतोय त्यातल्या किती मी तोडतोय.

मॅग्नार्कबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या गच्चीवर काय आहे हे तुम्हालाच नीट माहीत नाही असं पत्रावरून वाटतं. शिकागोच्या मॅकॉली कंपनीचा हा माल, पीअरलेस हा त्यांचा ब्रँड. १९३०च्या दशकात साध्या आर्कच्या पिवळसर उजेडाऐवजी पांढराशुभ्र उजेड देणारे नवे कार्बन आले, आणि मधल्या आकाराच्या टॉकीजनाही परवडेल असा हाय इंटेन्सिटी आर्क शक्य झाला. मॅग्नार्क त्या पिढीतलं. साधारण हिशोब असा: ७ मिलिमीटरचा तांब्याचा मुलामा दिलेला पॉझिटिव्ह कार्बन, ६ मिलिमीटरचा निगेटिव्ह कार्बन, ४० ते ५० अँपिअर. उजेडाचं गुपित पॉझिटिव्हच्या गाभ्यात असतं. तिथे सिरियमसारख्या मूलद्रव्यांची संयुगं भरलेली असतात. कार्बनच्या तोंडाशी खळगा पडतो आणि त्या खळग्यात ती पेटून लखलखतात. पॉझिटिव्ह निगेटिव्हपेक्षा भरभर जळतो, म्हणून लॅम्प हाऊसच्या खालची छोटी मोटर दोघांना वेगवेगळ्या गतीने पुढे सरकवते. ही मोटर आणि तिचे स्क्रू शाबूत आहेत का, ते हाताने फिरवून बघा. मामांसारखा ऑपरेटर दर वीस-बावीस मिनिटांनी, म्हणजे दोन हजार फुटांचं रीळ संपत आलं की, दुसऱ्या मशीनवर जायचा. त्यासाठी त्या मशीनचा आर्क आधीच पेटवून स्थिर करावा लागे. म्हणूनच तुमच्याकडे दोन आहेत. तबला आणि डग्गा वेगवेगळ्या घरी दिल्यावर दोघांनाही मैफिलीत जागा नसते, तसं हे आहे. जोडी म्हणून जी किंमत येते, ती सुट्या दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त असते.

आता आरसे. बडोद्याच्या माणसाला नुसते आरसे का हवेत हे उघड आहे. त्याचा फुटलाय, आणि नवा कुठे मिळत नाही. हा आरसा साध्या गोलाचा तुकडा नसतो, लंबवर्तुळाचा असतो. लंबवर्तुळाला दोन नाभी असतात. एकीवर आर्कचा खळगा, दुसरीवर मशीनचा गेट, जिथे फिल्म असते. आरसा बदलला की ही अंतरं बदलतात. म्हणून दुसऱ्या कंपनीच्या लॅम्प हाऊससाठी, केवळ व्यास जुळतोय म्हणून कोणी आरसा मागत असेल तर त्याचंही नुकसान आणि तुमचंही. त्यांना विचारा, लॅम्प हाऊस कुठलं आहे. मॅग्नार्क नसेल तर विषय संपला. असेल, तर मग ते तुमची जोडीच का घेत नाहीत, किंवा त्यांचं बिनआरशाचं लॅम्प हाऊस सुट्या भागांसाठी तुम्हाला का देत नाहीत, असं उलट विचारा. कडेच्या टवक्याची फार चिंता नको. कडेचा उजेड थोडा जातो, इतकंच. खरी नासाडी मधोमध असते. आर्क तडतडला की तांब्याचे वितळलेले कण उडून काचेला चिकटतात आणि बारीक खड्डे पाडतात. खोलीतली ट्यूबलाइट आरशात धरा आणि हळूहळू फिरवा. खड्डे लगेच चमकतात. मग मागची बाजू बघा. चांदीचा थर काळा पडून सोलला असेल तर तो आरसा फक्त बघण्यापुरता उरला. पुन्हा चांदी चढवून देतो म्हणणारे भेटतात, पण आर्कच्या धगीत ती चांदी टिकेल याची खात्री कोणी देत नाही.

मॅग्नार्क पेटवायचा का? तुमचा प्रश्न नाही, पण हात शिवशिवणारच. गच्चीवरच्या खोलीत तर मुळीच नाही. आर्कमधून ओझोन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं निघतात, कार्बनची राख उडते. लॅम्प हाऊसच्या डोक्यावरचं धुराडं बाहेर नेण्यासाठी असतं. उघड्या डोळ्यांनी आर्क बघायचा नसतो. दाराला ती काळी काच त्यासाठीच आहे. आणि आतल्या तारांवर पांढुरकं कापडी वेष्टन दिसलं तर ते ॲस्बेस्टॉस आहे असं धरून चाला. ते खरवडू नका, झाडू नका, ब्लोअरने तर अजिबात फुंकू नका. पुढे सौदा केलात तर समोरच्याला हे स्पष्ट सांगा. लपवून ठेवण्यासारखी ही गोष्ट नाही.

हे वाचूनही कधी जुन्या ऑपरेटरला सोबत घेऊन, मोकळ्या जागेत एकदा पेटवून बघायचाच असेल, तर कार्बन घेताना सावध राहा. वर्कशॉपमध्ये लोखंड कापायला, खोबण पाडायला गाऊजिंगच्या कांड्या वापरतात. त्यांनाही तांब्याचा मुलामा असतो, जाडीही जवळपास तीच. त्या ‘प्रोजेक्टर कार्बन’ म्हणून सर्रास विकल्या जातात. त्या पेटतात, उजेडही पडतो, पण गाभ्यात ते रसायन नसल्याने तो पिवळट आणि नाचरा पडतो. कांडीचं टोक नीट बघा. खऱ्या पॉझिटिव्हमध्ये मधोमध वेगळ्या पोताचा गोल गाभा दिसतो. आणि खरे जुने कार्बन मिळाले तरी आपल्या पावसाळ्यात ते दमट झालेले असतात. तसेच लावले तर तडतडून आरशावर शिंपण करतात. आधी मंद उबेत वाळवा.

आता मला तुमच्या पत्रात सगळ्यात आवडलेला भाग, तो १६ एमएम. खरं सांगू? पेटवायची वस्तू तुमच्या घरात एकच आहे, ती ही. मॅग्नार्क जपायची किंवा जोडीने एखाद्या मशीनवाल्याकडे पाठवायची, आणि १६ एमएम चालू करायचा.

हेडलाइट बसवू नका. गाडीच्या दिव्याची तार प्रोजेक्टरच्या तारेपेक्षा वेगळ्या आकाराची आणि वेगळ्या उंचीवर असते. मागचा आरसा आणि पुढची भिंगं ज्या बिंदूसाठी घासली आहेत तिथे तो उजेड येतच नाही. मधोमध एक गरगरीत डाग आणि कडांना अंधार, असं चित्र मिळेल. एलईडी बसवणारे हुशार लोक आहेत आणि काहींचं काम सुरेख होतं, शिवाय फिल्मला धग लागत नाही. पण ते भिंगं जुळवून, पंख्याची सोय बघून करतात. काउंटरवर उभ्या उभ्या होणारं ते काम नाही.

सरळ मार्ग दोन. पहिला, मूळ दिवा शोधणं. ७५० वॉटचे बरेच दिवे प्रीफोकस बैठकीचे असतात. बैठकीला दोन कान असतात, एक रुंद, एक अरुंद, म्हणजे दिवा एकाच बाजूने बसतो आणि तार भिंगाकडे तोंड करूनच राहते. पण चार पिनांचे आणि पोटातच छोटा आरसा असलेले दिवेही त्याच काळातले आहेत. ते एकमेकांत चालत नाहीत. म्हणून उडालेला दिवा फेकू नका. त्याच्या काचेवर किंवा बैठकीवर तीन अक्षरांचा कोड छापलेला असतो, तो उतरवून घ्या. सौद्यात कोड हाच शब्द चालतो. ‘तसाच दिसतो’ याला किंमत नाही. या दिव्यांचं आयुष्य साधारण २५ तास असतं हे ऐकून दचकू नका. गणपतीचे दहा दिवस रोज तासभर लावलात तरी निम्म्याहून जास्त उरतो. मात्र ‘कधी न वापरलेला’ म्हणून येणारा दिवा तार आणि जोड तपासूनच घ्या, आणि एकाऐवजी दोन मागा.

दुसरा मार्ग मला जास्त पटतो: २४ व्होल्टचा हॅलोजन. २५० वॉटचा ईएलसी आणि २०० वॉटचा ईजेएल हे दोन कोड लक्षात ठेवा. दोन्हींना स्वतःचा छोटा आरसा असतो, आणि नंतरच्या कितीतरी १६ एमएम प्रोजेक्टरना हेच दिवे होते. वॉट कमी वाटतात, पण आरशामुळे उजेड वाया जात नाही. कॉलनीच्या मांडवात सात-आठ फुटांचा पडदा अंधार असला की आरामात भरतो. तुमच्या जुन्या मशीनमध्ये ते बसवायला बैठक बदलावी लागेल, वेगळा २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लागेल आणि पंखा दिव्याबरोबर चालूच राहील हे बघावं लागेल. काचेला बोटं लावू नका. लागली तर पुसून मगच पेटवा.

आणि ११० व्होल्टचं काय? मूळ दिवा ठेवलात तर दिवा, मोटर आणि ॲम्प्लिफायर मिळून किमान दीड केव्हीएचा स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या; डिमरने जुगाड करू नका. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, सायकल (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) बदलत नाही. अमेरिकेत ६०, आपल्याकडे ५०. दिव्याला त्याचं सोयरसुतक नाही. मोटर ब्रशची, गव्हर्नरवाली (स्वतःचा वेग सांभाळणारी) असेल तर तिलाही नाही. पण साधी इंडक्शन किंवा सिंक्रोनस मोटर असेल तर ती सहापैकी पाच हिश्शांच्या वेगाने फिरेल: सेकंदाला २४ ऐवजी २० चौकटी. माणसं जरा रेंगाळत चालतात, हे चालून जाईल. आवाज मात्र साधारण तीन अर्धस्वर खाली येतो. काळी पाचमध्ये गाणारा गायक पांढरी पाचमध्ये ऐकू येईल, आणि तुमच्या कॉलनीत, रामबागेसारख्या जुन्या मराठी वस्तीतून आलेली मंडळी असतील तर, पहिल्या ओळीतच कोणीतरी उठून सांगेल. ५० सायकलसाठी वेगळी पुली मिळते किंवा खरादीकडून करून घेता येते. आधी मोटरची पाटी वाचा.

आता पुण्याला काय लिहायचं. मी तुमच्या जागी असतो तर उलटा प्रस्ताव पाठवला असता: मॅग्नार्कची जोडी, दोन्ही आरशांसह, एकाच खेपेत; बदल्यात २४ व्होल्टच्या हॅलोजनचा, २२०-२३० व्होल्टवर चालणारा १६ एमएम प्रोजेक्टर, चार सुटे दिवे, एक्सायटर दिवे आणि वर रोख फरक. एक्सायटर विसरू नका. तो छोटा, बहुतेक मशीनमध्ये ४ व्होल्ट ०.७५ अँपिअरचा दिवा फिल्मवरचा आवाज वाचतो, आणि तो उडाला की चित्र सुरू आणि सगळे मुके. मामांचा प्रोजेक्टर मग सावकाश दुरुस्त करा, घाई नको. पुण्याचे तयार झाले नाहीत तर गप्प बसा. ३५ एमएमची मशीन असलेला आणि लॅम्प हाऊस नसलेला माणूस हा तुमचा खरा गिऱ्हाईक. इंदूर हे सेंट्रल सर्किटमधलं फिल्म वितरणाचं मोठं ठाणं होतं. केबिनचं सामान ओळखणारी जुनी माणसं या शहरात अजून आहेत, आणि डिजिटल प्रोजेक्टरांतही बराच काळ झेनॉन असल्याने मल्टिप्लेक्सचे तंत्रज्ञही या सामानाला परके नाहीत. त्यांच्यापैकी एखाद्याला गच्चीवर बोलावून चहा पाजा. फोटो पाठवून मिळणाऱ्या सल्ल्यापेक्षा तो बरा.

सौदा ठरला तर यादी कागदावर घ्या: पाटीवरचा नंबर, आरशाचा व्यास, टवका कुठे, मोटर फिरते की नाही. जे चालतं म्हणाल त्याचा व्हिडिओ द्या आणि तसाच मागा. वाटेत फुटलं तर कोणाचं, हे माल चढण्याआधी ठरवा. आरसे लॅम्प हाऊसमध्ये ठेवून पाठवू नका. काढा, फोममध्ये गुंडाळा आणि लाकडी पेटीत उभे ठेवा. आडवे ठेवलेत तर कोणीतरी वर दुसरी पेटी रचतोच. पार्सल उघडताना कॅमेरा सुरू ठेवावा, दोन्ही बाजूंनी.

एक गोष्ट मात्र सध्या कोणालाही देऊ नका: रेक्टिफायर. त्यात तांबं भरपूर, म्हणून टॉकीज तुटताना भंगारवाला सगळ्यात आधी तोच उचलतो, आणि म्हणूनच लॅम्प हाऊस सापडतात पण त्यांना चालवणारी पेटी सापडत नाही. आत काचेचा मोठा बल्ब आणि तळाशी पारा दिसला तर झाकण पुन्हा लावा, हलवू नका आणि मला कळवा. पत्रे रचल्यासारख्या पट्ट्या दिसल्या तर तो सेलेनियमचा असू शकतो. त्याला वीज जोडू नका, जळला तर विषारी धूर सोडतो. नाहीतर पाटीवरचे आकडे पाठवा: इनपुट एक फेज की तीन, आउटपुट किती व्होल्ट, किती अँपिअर. तेवढं कळलं की जोडीबरोबर त्याचे किती मागायचे ते पुढच्या वेळी सांगतो.